जगात जर्मनी, पटावर परभणी

पहिल्याच चालीला भिडायचं आणि दुसऱ्या चालीला थेट वजीर बाहेर! 'असं करू नका' म्हणून लहानपणी शिकवलं जातं, नेमकं तेच करणारा एक हटके डिफेन्स... आणि तो घेऊन दिवाळीत परभणीला गेलेली मी.

तुमच्या ऑफिसात डब्याच्या शेजारी मोबाइल उभा करून बुद्धिबळ खेळणारा एक तरी नमुना असणारच. नसेल, तर तो नमुना तुम्हीच आहात! २०२०च्या लॉकडाऊनमध्ये हे खूळ जोरात सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेटफ्लिक्सवर 'द क्वीन्स गॅम्बिट' आली आणि शाळा सुटल्यावर ज्यांनी पट माळ्यावर टाकला होता, त्यांनीही चेस डॉट कॉम नाहीतर लिचेसवर अकाउंट उघडलं. मीही त्यातलीच. फरक इतकाच, की माझा पट माळ्यावर नव्हता. तो परभणीला बाबांच्या कपाटात होता. आणि तो कपाटाबाहेर का येत नाही, यावर आम्ही दोघं बोलत नव्हतो.

ते नंतर सांगते. आधी खेळाचं.

ज्यांना बुद्धिबळाची तोंडओळख आहे त्यांना हे माहीत असेल : पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं, म्हणजे ई४ केलं, की काळ्यापुढे प्रश्न उभा राहतो. आता काय? सज्जन माणसाचं उत्तर ई५. तेवढंच प्यादं, तेवढंच पुढे. अभ्यासू माणसाचं उत्तर सिसिलियन. सावध माणसाचं उत्तर कारो-कान किंवा फ्रेंच. सगळी उत्तरं उत्तमच आहेत. घोळ एकच, त्यांच्यासाठी अभ्यास लागतो. सिसिलियनच्या नायडॉर्फमध्ये तुम्ही शिरलात आणि समोर रोज दोन तास क्लासला जाणारा चौदा वर्षांचा मुलगा बसलेला असेल, तर पहिल्या पंधरा-वीस चाली तो विचार न करता खेळतो. पाठ असतात त्याला. तुम्ही मात्र चौथ्या चालीपासून घाम पुसत असता. त्यात तुमच्याकडे आहे काय? एक शनिवार, आणि त्यातही अर्धा दिवस कपडे धुण्यात जातो.

मी फ्रीलान्सर आहे. म्हणजे मला बॉस नाही, मला सात-आठ संपादक आहेत आणि प्रत्येकाला मजकूर आजच हवा असतो. अशा माणसाने नायडॉर्फ पाठ करायचं म्हणजे जोकच.

मग एका रात्री सव्वाबाराला कुणा अनोळखी खेळाडूने माझ्या ई४ला डी५ असं उत्तर दिलं. पहिल्याच चालीला त्याचं प्यादं माझ्या प्याद्याच्या तोंडासमोर! घे, मार. मी मारलं. त्याने वजिराने ते परत मारलं. मी मनात म्हटलं, नवशिका दिसतोय. तिसाव्या चालीला मी हरले होते.

त्या डिफेन्सचं नाव स्कँडिनेव्हियन. जुन्या पुस्तकांत 'सेंटर काउंटर' म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या मंडळींनी, विशेषतः कोलिन बंधूंनी, त्याचा कसून अभ्यास केला म्हणून हे नाव पडलं. लोक हा डिफेन्स खेळत नाहीत असं नाही. पण मोठ्या स्पर्धांत, वरच्या बोर्डांवर तो क्वचितच दिसतो. लग्नाच्या पंगतीत कुणी थालीपीठ मागितलं तर जसे चेहरे होतील, तसे होतात.

का बरं?

<b>वजिराला घराबाहेर...</b>

बुद्धिबळ शिकवणारा कुणीही असो, घरचा असो की क्लासचा, पहिल्या आठवड्यात एक नियम कानीकपाळी ओरडून सांगतो. वजीर लवकर बाहेर काढायचा नाही. कारण सरळ आहे. वजीर सगळ्यात ताकदवान, म्हणजेच सगळ्यात महाग. त्याच्या अंगावर साधा घोडा आला तरी त्याला पळावं लागतं. तो पळतो तेव्हा तुमची एक चाल फुकट जाते आणि समोरच्याचा घोडा मात्र आयता मैदानात येऊन उभा राहतो.

स्कँडिनेव्हियनमध्ये नेमकं हेच होतं. ई४, डी५. पांढरा डी५वर मारतो, वजीर परत मारतो. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा घोडा सी३वर येतो आणि वजिराला विचारतो, काय साहेब, इकडे कुठे? वजिराला उठावंच लागतं. आजचं कुठलंही कॉम्प्युटर इंजिन ही पोझिशन बघून पांढऱ्याच्या बाजूला कौल देतं. ई५ किंवा कारो-कानमध्ये मिळतो त्यापेक्षा थोडा जास्तच फायदा पांढऱ्याला दाखवतं. यात लपवण्यासारखं काही नाही. हा डिफेन्स खेळणारा माणूस एक चाल उधार देऊनच बसतो.

मग बदल्यात मिळतं काय? एक तर, पांढऱ्याचं ई-पट्टीतलं प्यादं गेलं. ज्या प्याद्याच्या जोरावर तो मधली जागा बळकावणार होता, ते दुसऱ्याच चालीला पटाबाहेर. दुसरं, काळ्याचा पांढऱ्या घरांवरून चालणारा उंट मोकळा होतो. फ्रेंच डिफेन्स खेळणाऱ्यांना विचारा, हा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कसा कोंडून पडतो ते. इथे तो झटकन एफ५ किंवा जी४वर जातो, त्याच्यामागे ई६ करून दार लावायचं, सी६वर आणखी एक प्यादं ठेवायचं, आणि झाली आपली भिंत. तिसरी गोष्ट माझ्यासारख्यांना सगळ्यात महत्त्वाची : डाव तुमच्या गल्लीत आला! पांढऱ्याने स्पॅनिशच्या चाळीस चाली पाठ केलेल्या असोत नाहीतर इटालियनच्या, सगळं पाणी पाण्यात. ई४ खेळणाऱ्याला तुम्ही पहिल्याच चालीला मनगट धरून आपल्या गल्लीत आणता. तिथले खड्डे तुम्हाला माहीत असतात, त्याला नसतात.

काही जण प्यादं मारतच नाहीत. ई५ करून पुढे निघून जातात. ऑनलाइन हे भरपूर बघायला मिळतं. अशा वेळी खुशाल उंट एफ५वर काढा, मग ई६ करा. तुमच्या हातात फ्रेंच डिफेन्स आला, तोही न कोंडलेल्या उंटासकट. याहून स्वस्त सौदा नाही.

अर्थात खड्ड्यांत आपणही पडतोच. मी पडले ना! घोड्याने हुसकावल्यावर वजीर बहुतेक जण ए५वर नेतात, मीही नेला. मग मस्त घोडा काढला, उंट काढला. समोर पुण्यातलीच एक ओळखीची कॉपीरायटर होती. तिने शांतपणे डी४ केलं, दुसरा घोडा काढला, उंट सी४वर आणला, दुसरा उंट डी२वर ठेवला. मला वाटलं, काय संथ खेळतेय. मग तिचा घोडा सी३वरून उडी मारून डी५वर आला आणि त्याच्या मागचा डी२वरचा उंट सरळ माझ्या वजिराकडे बघायला लागला. वजीर जाणार कुठे? बी५, ए६ सी४वरच्या उंटाच्या माऱ्यात, सी५ प्याद्याच्या, बी६ घोड्याच्या. उरलं ए४. तिथे नेला. तिने उंट बी३वर घेतला, परत वजिरावर नेम. मी घाबरून वजीर बी५वर नेला, आणि तिच्या घोड्याने सी७चं प्यादं खाल्लं. राजाला शह, वजीर माऱ्यात. खेळ खल्लास!

घरी येऊन नीट पाहिलं तेव्हा कळलं, चूक घाबरण्यात नव्हती. चूक आधीच झाली होती. ए५वरच्या वजिराचा घरी परतायचा रस्ता तिरका आहे : बी६, सी७, डी८. त्या रस्त्यावर सी७ला माझंच प्यादं आडवं बसलेलं! ते एक घर पुढे सी६ला सरकवलं असतं, तर वजीर निवांत डी८ला पोचला असता. स्कँडिनेव्हियनवाले ती सी६ची चाल न चुकता का करतात, ते त्या रात्री समजलं. वजीर बाहेर काढायला हरकत नाही. फक्त त्याच्या परतीच्या वाटेतलं आपलंच प्यादं आधी बाजूला करायचं.

<b>व्हॅलेन्सिया ते ट्रॉम्सो</b>

हा डिफेन्स म्हणजे आजकालचं फॅड असं कुणाला वाटत असेल, तर जरा बसा. आजच्या नियमांनी खेळलेला सगळ्यात जुना नोंदलेला डाव म्हणून ज्याचं नाव घेतात, तो स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा, साधारण १४७५च्या सुमाराचा. 'स्काक्स दामोर' म्हणजे 'प्रेमाचं बुद्धिबळ' नावाच्या एका काव्यात तो आलाय. पांढऱ्याकडून कास्तेलव्ही, काळ्याकडून व्हिन्योलेस. एक मंगळ झालाय, दुसरा शुक्र म्हणजे व्हीनस. तिसरा कवी बुध होऊन शेरे मारतोय! वजिराला, म्हणजे तिकडच्या राणीला, पटभर धावायची ताकद तेव्हा नुकतीच मिळाली होती. त्याआधी तो बिचारा एक घर तिरका चालायचा. आणि त्या डावाची सुरुवात कशी आहे? ई४, डी५! मारलं, वजिराने परत मारलं, घोडा सी३वर आला आणि काळ्याने वजीर मुकाट्याने डी८वर परत नेला. नवी नवी गाडी घेतल्यावर चौकापर्यंत चक्कर मारून आणावी तसं.

पुढे काळ्याने घोडा काढला, उंट जी४वर आणला, पांढऱ्याने एच३ करून त्याला डिवचलं, उंटाने घोडा मारला, पांढऱ्या वजिराने उंट मारला. इथे काळ्याने ई६ केलं, आणि पांढऱ्या वजिराने बी७चं प्यादं फुकटात उचललं. काळा अर्थातच हरला.

आता २०१४. नॉर्वेतलं ट्रॉम्सो, ऑलिम्पियाड. पांढऱ्याकडून फाबियानो कारुआना, काळ्याकडून तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन, तोही स्वतःच्या देशात. कारुआनाने ई४ केलं, कार्लसनने डी५. मारामारी झाली, घोडा सी३वर आला आणि कार्लसनने वजीर परत डी८वर नेला. तोच पाचशे वर्षांपूर्वीचा मुकाट परतीचा रस्ता! पुढे घोडा बाहेर, उंट जी४वर, एच३, उंटाने घोडा मारला, वजिराने उंट मारला. हे सगळं तसंच. आणि मग सातव्या चालीला कार्लसनने सी६ केलं. बी७कडे जाणारी तिरकी वाट बंद! व्हिन्योलेसने जे प्यादं गमावलं, ते कार्लसनने राखलं आणि डाव जिंकला.

दोन्ही डाव मी शेजारी शेजारी लावून बघितले तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. सव्वापाचशेहून जास्त वर्षं गेली आणि फरक काय, तर एक प्यादं एक घर. (मधल्या चौथ्या चालीत थोडा फरक आहे, जाणकारांनी पत्रं पाठवू नयेत.)

या दोन टोकांच्या मध्ये आपला आनंदही आहे. १९९५ची जगज्जेतेपदाची लढत, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७व्या मजल्यावर. समोर कास्पारोव्ह. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने जिंकला आणि मग दहाव्यापासून गाडी घसरली. चौदाव्या डावात मागे पडलेल्या आनंदने ई४ला डी५ असं उत्तर दिलं. सुरुवातीतून तो छान पोझिशन घेऊन बाहेर पडला. डाव मात्र हरला, आणि लढतही साडेदहा विरुद्ध साडेसात अशी गेली. लोक म्हणतात, बघा, स्कँडिनेव्हियन खेळून हरला. मी म्हणते, स्कँडिनेव्हियनमध्ये नाही हरला, त्यानंतर हरला. या दोन्हींत फरक आहे, आणि तो कुठल्याही बिघडलेल्या प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला कळेल.

डेन्मार्कच्या बेंट लार्सनने तर १९७९मध्ये माँट्रियलला जगज्जेत्या कार्पोव्हलाच याच डिफेन्सने हरवलं. कार्पोव्हचं नशीबच असं, की पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये स्काराला इंग्लंडच्या टोनी माइल्सने त्याच्या ई४ला ए६ असं उत्तर दिलं. ए६! कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे, जणू काही झालंच नाही. आणि जिंकला. १९२१ला बुडापेस्टमध्ये अलेखिनने पहिल्याच चालीला घोडा काढून पांढऱ्याला म्हटलं, ये, मला पळव. आज तो अलेखिन डिफेन्स म्हणून ओळखला जातो. फिशरने १९७२च्या लढतीत स्पास्कीविरुद्ध तेराव्या डावात तोच काढला आणि जिंकला. म्हणजे हटके उत्तरांची एक मोठी बिरादरी आहे बरं का. सगळेच काही येडे नव्हते.

<b>बनी तो बनी...</b>

आता परभणी.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे तुम्ही ऐकलं असेल. त्याचा अर्थ विचाराल तर दहा परभणीकर दहा अर्थ सांगतील आणि दहाही जण छाती फुगवून सांगतील. दुसरी म्हण मात्र आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. जमलं तर जमलं, नाहीतर आहेच आपलं गाव.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थानातून मोकळा झाला, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे. ते खेळायचे ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी. म्हणजे डाव सावकाश उलगडायचा, दोन्ही फौजा आपापल्या हद्दीत नीट उभ्या राहायच्या आणि मग कुठे तोंडाला तोंड लागायचं. असल्याच खेळात घडलेला पंजाबचा मीर सुलतान खान विलायतेला गेला, तिकडचे नियम शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकून बसला. फिडेला त्याला मानद ग्रँडमास्टर करायचं सुचलं २०२४ला. तोवर त्याला जाऊन जवळपास ५८ वर्षं झाली होती. असो.

बाबा आजोबांकडे देशी शिकले आणि नोकरीत सहकाऱ्यांकडे 'इंटरनॅशनल'. ते मराठवाडा कृषी विद्यापीठात होते. हे विद्यापीठ १९७२चं, आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथल्या क्वार्टर्समध्ये संध्याकाळी पट पडायचे. पण कोच, क्लास, पुस्तकं? महाराष्ट्रातलं बुद्धिबळ म्हणजे तेव्हा मुंबई, पुणे, सांगली. बाबा आम्हाला खाडिलकर भगिनींची गोष्ट सांगायचे. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४पासून पुढची दहा वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद बहुतेक त्याच घरात राहिलं. रोहिणीने १९७६ला पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत नाव दिलं तेव्हा विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि फिडेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी बाई आहे म्हणून अडवता येणार नाही असं सांगितलं. ही गोष्ट बाबा इतक्या वेळा सांगायचे, की माझा धाकटा भाऊ पाठ म्हणून दाखवायचा.

आज नकाशा बदललाय. नाशिकचा विदित गुजराथी २०२४ला बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५मध्ये बटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकली आणि त्याच फटक्यात देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. मराठवाड्याचं नाव या यादीत शोधायला अजून बराच वेळ लागतो. लहानपणी स्पर्धेला बाहेरगावी जायचे तेव्हा समोरच्याच्या वहीत ओपनिंग्ज लिहिलेली असायची, रंगीत पेनांनी. माझ्याकडे बाबांचे तीन नियम होते. मधली जागा धर, घोडे-उंट आधी काढ, वजीर लवकर काढू नको. तीन नियमांवर जितकं जाता येतं तितकं मी गेले. दहावीला थांबले.

पुढचं थोडक्यात. मास कॉम केलं. बाबांच्या आग्रहाखातर बँकेची परीक्षाही दिली, पास झाले, चिकटले. दीड वर्षाने राजीनामा देऊन पुण्यात फ्रीलान्सिंग सुरू केलं. फोनवर सांगितलं तेव्हा बाबा फक्त "बरं" म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं आम्ही फोनवर पावसाबद्दल, सोयाबीनच्या भावाबद्दल आणि आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. मी घरी गेले की पूर्वी पहिल्या संध्याकाळी पट निघायचा. तो निघेना. मीही काढा म्हटलं नाही.

<b>भाऊबीज, दुपारी तीन</b>

गेल्या दिवाळीत रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेले. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं झाली, भाऊ घोरायला लागला आणि लाइट गेली. पंखा बंद, मोबाइलला रेंज नाही. बाबा उठले, कपाट उघडलं आणि काही न बोलता पट माझ्यासमोर ठेवला. एक काळा घोडा हरवलाय, त्याच्या जागी अजून बाटलीचं तेच निळं बूच.

पांढऱ्या त्यांच्याकडे. ई४.

मी डी५ केलं.

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय करायलीस?"

"खेळा ना."

त्यांनी मारलं. मी वजिराने परत मारलं. त्यांचा हात घोड्यावर गेला तो तिथेच थांबला. "वजीर काढलीस? दुसऱ्या चालीला?" रागाने नाही म्हणाले. पोरगी ताप अंगावर काढत असल्यासारखं म्हणाले.

घोडा सी३वर आला. मी वजीर ए५वर नेला. डी४, घोडा. घोडा, सी६. ही चाल करताना मी जरा जास्तच जोरात प्यादं आपटलं असावं, आईने स्वयंपाकघरातून विचारलं काय पडलं. बाबांचा उंट सी४वर, माझा एफ५वर. त्यांचा दुसरा उंट डी२वर आला आणि मी ओठ चावला. तीच पोझिशन! कॉपीरायटरबाईंनी मला धुतलेली. मी ई६ केलं. बाबांनी डी५कडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि घोडा उचलून डी५वर ठेवला. मागून उंटाचा नेम वजिरावर.

"आता?"

मी वजीर उचलला, मोकळ्या तिरक्या रस्त्याने नेला आणि डी८वर ठेवला. जिथून निघाला होता तिथेच.

बाबांनी पटाकडे बराच वेळ बघितलं. सी६च्या प्याद्यावर एकदा बोट टेकवलं. "हे आधीच केली होतीस तू."

"हो."

"म्हणजे वजीर गेला, फिरून आला, आणि काही बिघडलं नाही."

"एक चाल गेली."

"एका चालीचं काय एवढं," बाबा म्हणाले. ज्या माणसाने मला दहा वर्षं एका चालीची किंमत शिकवली, तो माणूस!

त्यांनी माझा घोडा मारला, तेच निळं बूच. मी वजिराने परत मारलं. पुढे वजिरावजिरी झाली, हत्ती गेले, उंट गेले. उरले राजे आणि प्यादी. लाइट अजून आलेली नव्हती. आणि तिथे बाबांनी मला असं काही गुंडाळलं, की बोलायची सोय नाही. ओपनिंग तुम्ही मोबाइलवर शिकू शकता, प्याद्यांचा शेवट विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये तीस वर्षं संध्याकाळी बसूनच येतो. मी ज्या वेळी राजा एक घर बाजूला घ्यायला हवा होता, त्या वेळी घाईने प्यादं ढकललं. बाबांचं प्यादं माझ्याआधी एक चाल वजीर झालं. एकच चाल.

"शेवट कच्चा आहे तुझा," बाबा म्हणाले. मग पट पुन्हा मांडताना, मान वर न करता, "पैसे वेळेवर देतात का ते पेपरवाले?"

"काही देतात. काही तीन महिन्यांनी."

"मग तीन महिन्यांचं बाजूला ठेवत जा." निळं बूच त्यांनी नीट घोड्याच्या घरात बसवलं. "त्या सी६सारखं."

आणखी दोन डाव झाले. एक मी जिंकले, त्याची नोंद आमच्या घरात कुणीही करणार नाही.

परतीच्या दिवशी संध्याकाळी मी बॅग भरत होते. बाहेर ओट्यावर शेजारचे काका आले होते, त्यांचा आणि बाबांचा डाव लागला होता. चहा द्यायला गेले तर काका वैतागलेले. "अहो साहेब, तुम्ही असं कधी खेळत नव्हता! वजीर कुठं काढता?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. काळ्या मोहऱ्या त्यांच्याकडे होत्या. सी६चं प्यादं अजून सी७वरच होतं. मी खोकले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, पटाकडे बघितलं आणि हळूच ते एक घर पुढे सरकवलं.